खोक्यावरचे वॅट आणि पानावरचा उजेड

बेसमेंटमध्ये गांजाची झाडं वाढवायला पहिला लाईट मी 89 डॉलरला घेतला, खोक्यावर मोठ्या अक्षरात 1000 वॅट असं छापलेलं, आणि घरी आणून सॉकेटला वॉटमीटर लावून बघितलं तर आकडा 104. मला वाटलं मीटरच बिघडलाय, म्हणून इस्त्री लावून बघितली, तिचा आकडा तो बरोबर दाखवत होता. त्या रात्रीपासून पुढचे दोन महिने मी फक्त लाईट या एका विषयावर वाचत, मोजत आणि वहीत लिहीत होतो, त्यातलं जे खरंच कामाला आलं ते इथे लिहितोय.

आधी कुठलं आणि काय ते सांगतो. मी कॅनडात, ऑंटारिओमधल्या किचनरला राहतो, स्वतःचं टाऊनहाऊस आहे, खाली बेसमेंट आहे. इथे 17 ऑक्टोबर 2018 पासून कायद्याने घरात गांजाची 4 झाडं लावता येतात, पण ती घरटी 4, माणशी नाही, नवरा-बायको दोघं आहेत म्हणून 8 होत नाहीत. आमच्या प्रांतात वय 19 लागतं, बी सरकारी दुकानाच्या साईटवरून रीतसर मिळतं. शेजारच्या क्यूबेकमध्ये घरी लावायला बंदी आहे आणि 2023 ला इथल्या सुप्रीम कोर्टानेही ती कायम ठेवली, म्हणजे एकाच देशात नदी ओलांडली की कायदा वेगळा. भाड्याने राहत असाल तर घरमालकाचा करार आधी वाचा, कॉन्डोवाल्यांचे नियम तर अजूनच कडक असतात. आणि भारतात बसून हे वाचत असाल तर स्पष्ट सांगतो, तिथे 1985 च्या एनडीपीएस कायद्याखाली एक झाड कुंडीत लावलं तरी गुन्हा आहे, त्यामुळे यातलं लाईटचं जे आहे ते मिरची, कढीपत्ता, मेथीसाठी घ्या, त्यांनाही ते तसंच लागू पडतं.

मी मूळचा तासगावकडचा, घरची द्राक्षबाग, त्यामुळे काहीतरी उगवून बघायची खाज जन्मापासूनची. दुकानात तयार मिळतं हे खरं, पण मुळाशी काय घातलं, पानावर काय मारलं हे आपल्याला माहीत असावं असं मला नेहमी वाटतं, ते द्राक्षाच्या बाबतीत वाटायचं तसंच याच्याही. बायकोची अट एकच होती, बेसमेंटच्या खोलीला कुलूप पाहिजे आणि किल्ली वरच्या कपाटात, कारण मुलगा 9 वर्षांचा आहे. तिची अट रास्त होती, पहिल्याच दिवशी कुलूप बसवलं.

लाईट का लागतो हे इथला हिवाळा बघितल्याशिवाय कळत नाही. 21 डिसेंबरला इकडे जेमतेम 9 तास दिवस असतो, दुपारी पावणेपाचला सूर्य मावळलेला, आणि जो असतो तोही ढगामागे. आमचा कढीपत्ता दक्षिणेच्या खिडकीत ठेवूनही दर जानेवारीत पानं टाकायचा, मार्चपर्यंत नुसत्या काड्या. त्यामुळे घरात झाडं वाढवायचा तंबू घ्यायचा हे पक्कं होतं, 2 बाय 2 फुटांचा, म्हणजे साधारण 60 बाय 60 सेंटीमीटर, आतून चकचकीत पत्र्यासारखं कापड. झाडं दोनच लावायची ठरवली, चार त्यात नीट मावत नाहीत.

तर तो पहिला लाईट. जांभळा-गुलाबी उजेड, इथे याला ब्लर्पल म्हणतात, निळे आणि लाल एलईडी एकत्र. 1000 कुठून आले तर आत 100 एलईडी होते, प्रत्येक एलईडी कागदावर 10 वॅटचा, झाला गुणाकार. प्रत्यक्षात प्रत्येकाला जेमतेम 1 वॅट मिळत होता. हे एकाच कंपनीचं नाही, त्या वेळी तशा बऱ्याच खोक्यांवर असंच गुणाकाराचं किंवा "अमुक वॅटच्या बरोबरीचा" असं लिहिलेलं मला दिसलं, त्यामुळे खोक्यावरचा मोठा आकडा वाचूच नये, खाली बारीक अक्षरात सॉकेटमधून किती ओढतो ते लिहिलेलं असतं ते शोधावं, तेही नसेल तर वस्तू परत ठेवावी.

मला त्या लाईटचा सगळ्यात जास्त त्रास झाला तो रंगाचा. त्या जांभळ्या उजेडात पान हिरवं आहे की पिवळं पडतंय हे कळतच नाही, सगळं काळपट दिसतं. शेतकऱ्याच्या पोराला पान बघूनच सगळं कळायचं असतं, पाणी जास्त झालं, नत्र कमी पडलं, खाली कोळी कीड लागली, सगळं पान सांगतं, आणि इथे पानच दिसत नव्हतं. रोज लाईट बंद करून टॉर्च मारून बघायचो. तीन आठवड्यात रोपं उंच, बारीक, दोन पेरांमध्ये वीतभर अंतर, उजेडाकडे मान काढून उभी. शिवाय पंख्याची घरघर आणि तापल्यावर प्लॅस्टिकचा वास. मागे बघितलं तर सीएसए किंवा सी-यूएल या विजेच्या सुरक्षेच्या शिक्क्यांपैकी एकही नाही, फक्त सीई लिहिलेलं, जे कॅनडात चालत नाही. कुलूप लावलेल्या खोलीत दिवसाचे 18 तास चालणारी वस्तू आणि तिला शिक्का नाही, हे लक्षात आल्यावर मी तो त्याच दिवशी काढला. वर मुलगा झोपतो.

मग अभ्यासाला जोर लावला. पहिल्यांदा लुमेन, लक्स याच्यात अडकलो, मग कळलं की लुमेन हे माणसाच्या डोळ्यासाठी आहे, डोळ्याला हिरवा-पिवळा जास्त उजळ दिसतो म्हणून त्याला जास्त मार्क. झाडाला साधारण 400 ते 700 नॅनोमीटरमधला उजेड लागतो आणि त्यातला प्रत्येक फोटॉन मोजायचा असतो, तो मायक्रोमोलमध्ये मोजतात. यात तीन-चार इंग्रजी अक्षरांचे शब्द येतात, पीपीएफ, पीपीएफडी, डीएलआय, आणि मला ते डोक्यात बसेनात, शेवटी पावसाचा हिशोब लावला तेव्हा एकदम बसले. लाईटमधून एका सेकंदाला एकूण किती पडतंय ते पीपीएफ, म्हणजे ढगाने एकूण किती सोडलं. पानावर एका चौरस मीटरला सेकंदाला किती पोचलं ते पीपीएफडी, म्हणजे आपल्या रानात आत्ता सर किती जोरात आहे. आणि दिवसभरात मिळून किती झालं तो डीएलआय, म्हणजे संध्याकाळी पर्जन्यमापकात बघतो ते मिलिमीटर. पिकाला शेवटी मिलिमीटरशी मतलब, आणि एकदम ढगफुटी झाली तर त्याचा उपयोग नाही, नुकसानच.

पीपीएफडीचे आकडे असे की रोपाला 200-300 पुरतात, वाढीच्या काळात 300 ते 600, फुलावर आल्यावर 600 ते 900. उन्हाळ्यात भर दुपारचं ऊन 2000 च्या आसपास असतं, पण घरात हवेतला कार्बन डायऑक्साईड नेहमीचाच असतो त्यामुळे 900-1000 च्या पुढे दिलेल्याचा झाडाला पूर्ण उपयोग करता येत नाही, बिल मात्र वाढतं. दिवसाची बेरीज म्हणाल तर 300 ने 18 तास म्हणजे साधारण 19 मोल, आणि 800 ने 12 तास म्हणजे 34 च्या वर. फुलाच्या वेळी तास कमी होतात म्हणून जोर वाढवायचा, एवढंच त्यामागचं गणित.

आता माझा तंबू 0.36 चौरस मीटरचा. 120 वॅटचा लाईट घेतला आणि तो दर वॅटमागे सेकंदाला 2.7 मायक्रोमोल देत असेल तर एकूण 324, ते 0.36 ने भागलं की 900. हे कागदावर, थोडं भिंती खातात, थोडं इकडे तिकडे जातं, प्रत्यक्ष सरासरी 700-750 धरायची. म्हणजे माझ्या जागेला 120 वॅट पुरेसे, हे स्वतः वहीत मांडल्यावर 240 वॅटच्या मोठ्या लाईटचा मोह गेला, तो 2 बाय 4 च्या तंबूचा आहे आणि माझ्याकडे तो कायम अर्ध्यावरच चालवावा लागला असता. वॅटमागे किती मायक्रोमोल हा आकडा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, ट्रॅक्टरच्या अॅव्हरेजसारखा आहे तो. जुन्या सोडियमच्या दिव्यांत जे चांगले होते ते 1.7 पर्यंत द्यायचे, आता बरे एलईडी 2.5 ते 3 देतात. हा आकडा कंपनी देत नसेल तर मी पुढे बघतच नव्हतो.

रंगाबद्दल पण बोललं पाहिजे कारण अजूनही लोक सांगतात की झाडाला फक्त लाल आणि निळा लागतो, हिरवा वाया जातो. हे खरं नाही. मॅक्री नावाच्या शास्त्रज्ञाने 1972 मध्येच 22 पिकांची पानं घेऊन मोजून दाखवलं होतं की हिरवा उजेडही प्रकाशसंश्लेषणात चांगला वापरला जातो. उलट तो पानात खोलवर आणि खालच्या पानांपर्यंत पोचतो. म्हणून आता पांढरे एलईडी आले. मुळात ती निळीच चिप असते, वर पिवळसर लेप असतो त्यामुळे पांढरा उजेड पडतो, आणि सोबत 660 नॅनोमीटरचे थोडे गडद लाल एलईडी टाकतात. 3000 ते 4000 केल्विनमधला (पांढरा पिवळसर की निळसर ते सांगणारा आकडा) कुठलाही पांढरा चालतो, त्यात फार जीव काढू नका. अल्ट्राव्हायोलेट आणि इन्फ्रारेडच्या चार-चार चिपा लावून 40 डॉलर जास्त मागतात ते मी घेतले नाहीत, त्या पैशात चांगला पंखा येतो.

शेवटी घेतला तो सपाट बोर्डाचा, 120 वॅट, सॅमसंगच्या बारीक चिपा, मीन वेलचा ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारा डबा), मागे अॅल्युमिनियमची जाड प्लेट, पंखा नाही त्यामुळे आवाज शून्य, सी-यूएलचा शिक्का आणि उजेड कमी-जास्त करायची खुंटी. 179 डॉलर. चिपचं नाव सगळेच छापतात त्यामुळे नुसत्या नावावर जाऊ नका, सॉकेटचे वॅट, वॅटमागचे मायक्रोमोल आणि तंबूत कुठल्या कोपऱ्यात किती पडतो त्याचा नकाशा, हे तिन्ही ज्याने दिलंय त्याच्यावर मी विश्वास ठेवला. खुंटी मात्र हवीच, ती नसती तर माझी दुसरी रोपंही गेली असती.

कारण पहिल्याच आठवड्यात मी चूक केली. पहिली रोपं उजेडावाचून वाया गेली, तर या नव्यांना आता पोटभर देऊ म्हणून बोर्ड 30 सेंटीमीटरवर टांगला आणि खुंटी पूर्ण. चौथ्या दिवशी वरच्या पानांच्या कडा दोन्ही बाजूंनी वर वळून द्रोणासारखी पानं, शेंडा फिकट पिवळा. मला वाटलं खत कमी पडतंय, कॅल्शियम-मॅग्नेशियम घातलं, अजून बिघडलं. तेव्हा गावातल्या हायड्रोपोनिक्सच्या दुकानात गेलो, काउंटरवरच्या मुलाने फोटो बघून एवढंच विचारलं, मोजलंस का? नाही म्हटल्यावर त्याने 50 डॉलर डिपॉझिट घेऊन त्यांचा क्वांटम मीटर, म्हणजे पीपीएफडी मोजायचं यंत्र, शनिवार-रविवारसाठी माझ्या हातात दिला. असा मीटर विकत घ्यायचा तर लाईटपेक्षा महाग पडतो, त्यामुळे त्या मुलाचे मी आजही आभार मानतो.

त्या दोन दिवसात तंबूच्या तळावर दोऱ्याने 9 चौकोन केले आणि प्रत्येकात मोजलं. 30 सेंटीमीटरला पूर्ण खुंटीवर मधोमध हजाराच्या वर, आणि ती बिचारी 15 दिवसांची रोपं. 45 वर नेऊन खुंटी 40 टक्क्यांना आणली तेव्हा मधे 290 आलं. उत्सुकता म्हणून तो जुना जांभळाही 45 सेंटीमीटरवर टांगून बघितला, मधे 410 आणि कोपऱ्यात 120, म्हणजे मधल्या रोपाला जेवण आणि कोपऱ्यातल्याला उपास. नवीन बोर्डला 35 सेंटीमीटरवर पूर्ण खुंटीला मधे 870, कोपऱ्यात 520. त्याच वेळी एक हुशारी केली, माझ्या 25 डॉलरच्या लक्समीटरनेही प्रत्येक चौकोन मोजून ठेवला. माझ्या पांढऱ्या बोर्डला लक्सला 66 ने भागलं की मायक्रोमोल येतात. हा भागाकार पांढऱ्यालाच चालतो, जांभळ्याला अजिबात नाही. मीटर परत दिला पण तेव्हापासून मी त्या लक्समीटरवरच काम भागवतोय, दर चार दिवसांनी शेंड्याच्या उंचीला मोजतो आणि खुंटी हलवतो. आठवड्याभरात नवी पानं सपाट, तजेलदार यायला लागली, आणि पांढऱ्या उजेडात ती हिरवी दिसत होती ते बघून किती बरं वाटलं ते शब्दात सांगता येत नाही.

मग थंडीचा प्रश्न आला, याबद्दल लाईट विकणारं कोणी बोलत नाही. सोडियमचा दिवा पान तापवायचा, एलईडीतून तशी उष्णतेची किरणं फार कमी येतात. आमचं बेसमेंट जानेवारीत 17-18 डिग्री. तंबूत हवा 21 पण पानावर लेझरवाला थर्मामीटर मारला तर 19 आणि काही, देठं जांभळी, पाणी ओढायचं नाव नाही, कुंडी आठवडाभर ओली. आत 26 पर्यंत आणल्यावर झाड चालायला लागलं. त्यासाठी हीटर नाही घेतला, ड्रायव्हर तंबूच्या आत घेतला आणि बाहेर फेकणारा पंखा हळू केला. 120 वॅट शेवटी उष्णताच होतात. उन्हाळ्यात ड्रायव्हर परत बाहेर काढायचा.

आणि लाईट शक्यतो रात्री लावायचा हे पण त्यातून सुचलं. रात्री बेसमेंट जास्त गार, तेव्हाच दिवा हवा. शिवाय आमच्याकडे विजेचा जो प्लॅन आहे त्यात रात्री 11 ते सकाळी 7 सगळ्यात स्वस्त आणि आठवड्याच्या दिवशी संध्याकाळी 4 ते 9 भयंकर महाग. म्हणून वाढीच्या काळात 18 तासांचा दिवस रात्री 9 ला सुरू आणि दुपारी 3 ला बंद, 6 तासांची रात्र बरोबर त्या महागड्या वेळेवर बसते. फुलासाठी 12 तास, रात्री 9 ते सकाळी 9. गंमत म्हणजे वाढीला 80-85 वॅटने 18 तास आणि फुलाला 120 वॅटने 12 तास, दोन्हीला रोजचे साधारण दीड युनिटच होतात.

फुलाचं सांगायचं राहिलं. गांजा हा लहान दिवसाचा, म्हणजे रात्र लांब झाली की फुलावर येणारा. 12 तासांवर आणून दोन आठवडे झाले तरी एका झाडाला काही नाही, दुसऱ्याला कळ्या धरलेल्या. लाईट चांगला, मोजलेला, मग काय चुकतंय? आमचे मामा साताऱ्याकडे पॉलीहाऊसमध्ये शेवंती लावतात, त्यांना रविवारी फोन लावला, काय लावलंय ते सांगितलं आणि विचारलं, मामा, तुम्ही शेवंतीला रात्री दिवे का लावता? ते म्हणाले, "अरे, ती लवकर फुलू नये म्हणून. मध्यरात्री दोन-चार तास साधा बल्ब दाखवला तरी ती कळी धरत नाही, तिला वाटतं रात्र लहान आहे. तुझ्या तंबूत रात्री कुठून उजेड येतोय ते बघ आधी." मग थोडं थांबून म्हणाले, "आणि हे आईला सांगू नकोस, तिला कायदा-बियदा कळायचा नाही." 

त्या संध्याकाळी लाईट बंद असताना मी स्वतः तंबूत डोकं घालून चेन लावून पाच मिनिटं बसलो. डोळे सरावल्यावर दिसलं, चेनच्या खालच्या टोकाला बोटभर फट, बाहेर भिंतीवर एक्स्टेंशन बोर्डचा लाल दिवा, आणि खोलीची छोटी खिडकी. आमची रात्र सकाळी 9 ते रात्री 9, म्हणजे बाहेर टळटळीत दुपार असताना. ज्या झाडाला कळी नव्हती ते बरोबर त्या फटीच्या बाजूला होतं. खिडकीला काळा पुठ्ठा, लाल दिव्यावर चिकटपट्टी, फटीवर आतून काळं कापड शिवलं. अकराव्या दिवशी त्या झाडानेही फुलाचे पांढरे केस काढले. मामांना फोटो पाठवला, त्यांनी फक्त अंगठा पाठवला.

पुढचं नेहमीसारखं, वासाला कार्बन फिल्टर लावला, खालची पानं काढली, शेंडे बांधून पसरवले म्हणजे मधलं आणि कोपऱ्यातलं सगळं एका उंचीला आलं, आणि मग 870 आणि 520 मधला फरकही खुंटीपेक्षा फांद्या सरकवूनच जास्त सांभाळता आला. मार्चच्या शेवटी दोन्ही झाडं कापली, आता ती त्याच तंबूत अंधारात उलटी टांगून वाळतायत, त्यामुळे बोर्ड दहा-बारा दिवस मोकळा आहे. तो वर स्वयंपाकघराच्या खिडकीत कढीपत्त्यावर टांगलाय, 60 सेंटीमीटरवर, खुंटी 40 टक्के, दिवसाला 14 तास. काल त्याला तीन ठिकाणी नवी पालवी फुटलेली दिसली, लक्समीटरने मोजून बघितलं, शेंड्याला 12,000 लक्स, म्हणजे 180. अजून थोडा खाली घ्यायला हरकत नाही.